साडेसात नंबरचं काडतूस आणि तीन नंबरची टिकली

परत आल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो एकच विचारतो, "मग, काय काय बघितलंत सिंगापूरला?" मी सांगायला लागले की त्याचा चेहरा पडतो. त्याला हॉटेलाच्या गच्चीवरचा तलाव हवा असतो, तोंडातून पाणी सोडणारा सिंह हवा असतो. ते सगळं मी पाहिलं. सिंहासमोर माझा फोटोही आहे, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. पण त्या बारा दिवसांत जिला पाहून मी खरोखर तोंडात बोट घातलं, ती एक मातीची बशी होती. चहाच्या बशीएवढी, भगव्या रंगाची. ती सांगायची तर आधी थोडं आमच्या दुकानाचं सांगावं लागेल.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, बाजारपेठेत बंदुका आणि काडतुसांचं दुकान होतं. आता त्या जागी बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे. अण्णांची गिऱ्हाइकं म्हणजे शेतीसंरक्षणाचा परवाना असलेले आसपासच्या गावांतले शेतकरी आणि काही जुने शिकारी. मी चौदाव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत त्या गल्ल्यामागे उभी राहिले. इतर मुली पाढे म्हणत तशी मी काडतुसं म्हणायची: डुकराला एलजी, भेकराला एसजी, सशाला चार नंबर, रानकोंबड्याला पाच, हरियालाला सहा, लाव्याला आठ. नवख्या माणसाचा इथेच घोळ व्हायचा. त्याला वाटायचं, मोठं जनावर म्हणजे मोठा नंबर. असतं उलटं. नंबर वाढेल तसा छर्रा बारीक. बंदुकीचंही तसंच. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जिच्यात नेमकी बसेल ती बाराबोर, वीस केल्या तर वीसबोर. म्हणजे वीसबोरची नळी बाराबोरपेक्षा अरुंद.

शिकार कायद्याने बंद झाली तरी अण्णांचा पाढा बंद झाला नाही. म्हातारे शिकारी दुकानातल्या बाकावर बसून नुसत्या गप्पांत डुकरं लोळवायचे. मी मात्र आजतागायत एकही बार काढलेला नाही. मुलींच्या हातात अण्णा काडतुसांचा डबा देत, बंदूक देत नसत.

माझा धाकटा भाऊ सुहास गेली पंचवीस वर्षं सिंगापुरात आहे. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिथला कायमचा रहिवासी झालाय. "ये, ये" तो दर वर्षी म्हणतो आणि मी दर वर्षी गुडघ्यांचं कारण सांगते. यंदा मात्र फोनवर त्याचा आवाज जरा वेगळा लागला. "ताई, या फेब्रुवारीत ये. मी बंदूक चालवायला शिकतोय. एकदा तू बघायला हवंस." सुहास आणि बंदूक! मी तिकीट काढलं.

बुकित तिमाह

सुहासचा फ्लॅट याच भागातल्या एका कॉन्डोत, आठव्या मजल्यावर. मागच्या गॅलरीत उभं राहिलं की थेट जंगल. शहराच्या मधोमध खरंखुरं, गच्च, ओलं जंगल. मी पहिल्या सकाळी चहा घेऊन तिथे गेले आणि समोरच्या फांदीवर सात-आठ हरियाल बसलेले. आमच्याकडच्यापेक्षा जरा लहान आणि मानेला गुलाबी झाक, पण जात तीच. माझ्या तोंडून निघून गेलं, "सहा नंबर."

मागे सुहासची मुलगी ईरा दूध पीत होती. चौदा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र तिच्या सिंगापुरी, 'लाह'वाल्या इंग्रजीत येतं. "कसला नंबर, आत्या?" तिने चक्क मराठीत विचारलं, म्हणून मीही सविस्तर सांगितलं. तिला ठसकाच लागला. "आत्या! कॅनॉट, लाह! पोलीस विल कम!"

"अगं, मारत नाहीये. म्हणतेय नुसतं," मी म्हटलं. पण माझी जीभ काही आवरेना. खाली बसस्टॉपवर गेलो तर रांगेतल्या माणसांच्या पायांत रानकोंबडा. लालभडक, शेपटीला हिरवी झळाळी, मागे चार कोंबड्या. आमच्याकडचा करडा, आणि त्याचं नुसतं आरवणं ऐकू येतं. दर्शन हवं तर पहाटे ओढ्यात दबा धरून बसावं लागे, असं म्हातारे सांगायचे. इथे हा माणसांच्या बुटांशेजारी माती उकरत होता आणि एका बाईंनी त्याच्यासाठी आपली पिशवी बाजूला घेतली. मी हळूच म्हटलं, "पाच." ईराने कपाळाला हात लावला.

तिसऱ्या संध्याकाळी जंगलाच्या कडेने फिरायला गेलो. वळणावर रानडुकरीण उभी. बरोबर सात पिल्लं, अंगावर पट्टे असलेली, खारीसारखी. मी जागीच थांबले. समोरून एक तरुण पळत येत होता. तो थांबला, कानातली बोंडं काढली आणि हात मागे बांधून उभा राहिला, एखादी म्हातारी रस्ता ओलांडत असावी तसा. डुकरिणीने आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक पिल्लू मोजून घेतल्यासारखी, पलीकडे गेली. आमच्या भागात डुक्कर आणि माणूस समोरासमोर आले की दोघांपैकी एक पळतो. बरेचदा माणूसच. कुणाकुणाच्या मांडीवर चाळीस टाक्यांच्या खुणा आहेत, त्या मी पाहिल्यात. वर्षाचं भात एका रात्रीत लोळवणारं हे जनावर मला असं कधी दिसलंच नव्हतं. एलजी हा शब्द माझ्या तोंडात आलाच नाही. मला रडू आलं, कशाचं ते नीट सांगता येत नाही.

सुहासने चष्मा कपाळावर चढवला, कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला आणि फोटो काढला. "बाबा ऑलवेज टेक ब्लर्ड फोटो," ईरा म्हणाली. आम्ही हसलो.

टॅम्पिनीस

सुहासची बायको मेघना टॅम्पिनीसला एका शाळेत शिकवते. शनिवारी तिचे जादा तास होते, ते संपल्यावर तिथेच जेवायचं ठरलं, म्हणून मी आणि सुहास एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, निघालो. डबा इतका शांत की गावातल्या देवळातही तेवढी शांतता नसते. मी त्या शांततेत नेहमीच्या आवाजात विचारलं, "सुहास, तुझी बंदूक ठेवतोस कुठे? घरात तर दिसली नाही."

समोर बसलेल्या एका भारतीय गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं. सुहासचे कान लाल झाले. "ताई, हळू! इथे घरी ठेवता येत नाही. क्लबच्या शस्त्रागारात असते. इथे नुसतं रिकामं काडतूस खिशात सापडलं तरी वांधे होतात." त्या गृहस्थांनी पुढच्या स्टेशनला डबा बदलला. ते तिथेच उतरणार होते असं सुहास म्हणतो, पण मला तसं वाटत नाही.

हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, मी आणखी एक पराक्रम केला. एका रिकाम्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं होतं. कुणीतरी बिचारं विसरलं म्हणून मी ते उचलून साफसफाई करणाऱ्या आजोबांना नेऊन दिलं. मेघना धावतच आली. "अहो ताई, ती जागा धरलीय कुणीतरी! इथे असंच धरतात!" आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात, तोच प्रकार. फरक एवढाच की इथे तो रुमाल कुणी उचलत नाही, माझ्यासारखी चिपळूणची बाई येईपर्यंत.

मेघनाने जेवण आणून ठेवलं आणि ती सरबताच्या रांगेत गेली. केळीच्या पानावर, वर तिखटजाळ लाल वाटण लावून भाजलेलं पाकट होतं, तो लांब शेपटीचा चपटा मासा. आमच्या बाजारात पाकट घेताना लोक इकडेतिकडे बघतात, कुणी ओळखीचं नाही ना म्हणून. इथे त्यासाठी रांग होती आणि चव अशी की मी पान बोटाने पुसून घेतलं. सुहासने मात्र अर्धं पानावर टाकलं.

"ताई," तो म्हणाला, "उद्या शेवटचं."

"काय शेवटचं?"

"दीड वर्ष झालं. हवेत उडवलेल्या पंचवीस मातीच्या बशांतल्या आठाच्या वर कधी फोडल्या नाहीत. पुढच्या महिन्यात परवान्याचं नूतनीकरण आहे. उद्याही तसंच झालं तर करणार नाही, बंदूक विकून टाकणार. तुला म्हणून बोलावलं. त्या दसऱ्याचं बघणारी आता तूच राहिलीयेस."

मी मान खाली घातली. आमच्याकडे दसऱ्याला शस्त्रांची पूजा झाली की मागच्या परसात फणसाच्या फांदीला नारळ टांगायचा आणि घरातला मुलगा चौदा वर्षांचा झाला की त्याने तो फोडायचा. सुहासच्या वर्षी सगळे जुने शिकारी जमले होते. त्याने तीन बार काढले. तिन्ही चुकले. नारळ हललासुद्धा नाही. कुणीतरी हसलं. अण्णांनी त्याच्या हातातून बंदूक घेतली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्याचा हात वहीचा आहे. बंदुकीचा नाही." पुढे त्यांनी त्याला दुकानात कधी बोलावलं नाही. सुहास वह्यांमागे लागला, पहिला येत राहिला, मुंबई, मग इथे. अण्णांनी म्हातारपणी दुकान विकलं तेव्हा त्याला एका शब्दाने विचारलं नाही.

"तू अजून ते धरून बसलायस?" मी विचारलं.

"मी साठीला आलो, ताई. एकदा तरी त्यांचं म्हणणं खोटं आहे की खरं, ते बघायचंय. खरं असेल तर तसं सांग. तुला बंदुकीतलं कळतं."

मेघना परत आली आणि आम्ही हवापाण्याचं बोलू लागलो.

रविवार

बेटाच्या पश्चिम टोकाला, मोठमोठ्या झाडांमागे क्लबचं मैदान. मी, सुहास आणि ईरा, तिघं गेलो. शस्त्रागाराचं दार बँकेच्या तिजोरीसारखं. नोंद, सही, ओळखपत्र, पुन्हा नोंद. काडतुसं जेवढी घ्याल तेवढी रिकामी नळकांडी परत करायची. आमच्या दुकानात म्हातारे शिकारी काडतुसं धोतराच्या सोग्यात बांधून नेत. इथला चोख कारभार पाहून अण्णा बाकावर बसून राहिले असते, उठलेच नसते.

बंदुका तर बघत राहाव्यात अशा. आमच्याकडे दुनळी म्हणजे शेजारी-शेजारी नळ्या. इथे एकावर एक. दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड असं की त्यावरून हात काढवेना. दस्त्याची लांबी, वजन, नळीचा तोंडाकडचा निमुळतेपणा, सगळं त्या त्या माणसाच्या मापाचं. सुहासचे शिक्षक मिस्टर लिम, सत्तरीचे, काटक, डोक्यावर फिकट झालेली टोपी. मी त्यांना विचारलं, या मातीच्या कबुतराला, म्हणजे उडत्या बशीला, कोणता नंबर?

"सेव्हन अँड हाफ, आंटी."

साडेसात! आमच्या दुकानात असा अर्धा नंबर नव्हता. त्यात हे साडेसात ऐकून मला सुहासच्या नशिबाची वेगळीच शंका आली. पण विचार केला तर बरोबर होतं. बशी मरायची नसते, फुटायची असते. तिला दोन-तीन छर्रे लागले तरी पुरे, पण तेवढे लागायला छर्रे पुष्कळ हवेत, म्हणजे बारीक हवेत. सहा नंबर विरळ पडला असता. मी मिस्टर लिमना तसं म्हटलं, तेव्हा त्यांनी टोपी मागे सारून माझ्याकडे नीट पाहिलं. "आंटी नो हर स्टफ, आ!"

मग एक मुलगी पुढे आली, ईराहून फार मोठी नसेल. बंदूक खांद्याला लावली आणि ओरडली, "पुल!" जमिनीतल्या खड्ड्यातून बशी सुटली. ती सुटली हे मला कळायच्या आत आकाशात भगव्या धुळीचा एक ढग होता आणि बशी नव्हती. लग्नापर्यंत मी काडतुसं विकली आणि ती हवेतल्या लक्ष्याचं काय करतात ते मी त्या दिवशी, सदुसष्टाव्या वर्षी पाहिलं. मी ईराचा हात घट्ट धरला. तिने सोडवून घेतला नाही.

सुहासची पाळी आली. "पुल!" बशी अखंड गेली. "पुल!" अखंड. बशा झाडांपलीकडे जाऊन पडत होत्या आणि सुहासचा चेहरा चौदा वर्षांच्या मुलाचा होत चालला होता. दहापैकी दोन फुटल्या. मागे उभे असलेले मिस्टर लिम प्रत्येक वेळी पुटपुटत होते, "लेफ्ट... लेफ्ट... अगेन लेफ्ट."

डावीकडे.

माझ्या डोळ्यांसमोर परसातला फणस आला. त्या तीन बारांचे छर्रे खोडात घुसले होते. पुढे वर्षानुवर्षं कपडे वाळत घालताना त्या भोकांवर माझी बोटं फिरत. तिन्ही बारांचे, नारळाच्या डावीकडे. मग तो कॅमेरा आठवला, डाव्या डोळ्याला लावलेला, आणि मी उभ्या जागी म्हटलं, "अगं बाई!"

"मिस्टर लिम, याचा डोळा तपासलात?"

ते गोंधळले. "ही से फादर हॅव गन शॉप. आय थिंक, शुअर अलरेडी नो, लाह."

आता काय सांगू? आमच्या दुकानात बंदूक घ्यायला येणाऱ्या प्रत्येक माणसाचा डोळा तपासल्याशिवाय अण्णा बंदूक दाखवत नसत. गल्ल्यावर आईची एक बांगडी ठेवलेली असे. हात लांब करून, दोन्ही डोळे उघडे ठेवून, बांगडीतून समोरच्या देवळाचा कळस बघायचा आणि कळस न सोडता बांगडी तोंडाकडे आणायची. ती आपोआप ज्या डोळ्यावर येते तो खरा डोळा, नेम तोच धरतो. "बांगडी भरायला आलोय काय?" म्हणून शेतकरी हसायचे, पण तपासून घ्यायचे. शेकडो माणसांचा डोळा मी स्वतः पाहिलाय. घरातल्या मुलाचा पाहायचं अण्णांना सुचलं नाही आणि मलाही नाही. इथे येऊनही तेच झालं. बंदूकवाल्याचा मुलगा म्हटल्यावर कोण तपासतंय!

मी हातातली बांगडी काढली. सुहासने बंदूक रॅकवर ठेवली. "त्या खांबाकडे बघ. आता हळूहळू मागे आण." बांगडी आली आणि सरळ डाव्या डोळ्यावर जाऊन बसली. पुन्हा केलं, पुन्हा डाव्याच. उजव्या खांद्याला बंदूक आणि नेम धरणारा डोळा डावा. त्या दसऱ्यापासून जेव्हा जेव्हा बंदूक धरली, तेव्हा तो शेजारीच नेम धरत होता.

"आता खांदा बदलायचा म्हणजे सगळं नव्याने शिकायचं," सुहास खचून म्हणाला.

"नाही. डावा डोळा थोडासा झाकायचा." अण्णा गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर कागदाचा कपटा चिकटवत. मिस्टर लिम चिकटपट्टी शोधायला खिसे चाचपू लागले. मी कपाळावरची टिकली काढली आणि सुहासच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर लावली. "आता नुसतं बोट रोख. बंदूक नको, मी समोर उभी आहे."

"अजून दोन-दोन दिसतंय, ताई."

माझी रोजची टिकली सहा नंबरची, मोहरीएवढी. टिकल्यांचंही छर्र्यांसारखंच आहे, नंबर वाढला की आकार लहान. पर्समध्ये लग्नाकार्याला लावायची तीन नंबरचीही होती, मरून, मखमली. ती लावली. अर्ध्या बोटाने आत सरकवली. सुहासने बोट रोखलं आणि एकदम थांबला.

"एकच दिसतंय," तो म्हणाला.

"आत्या, सो स्मार्ट!" ईरा ओरडली. पलीकडच्या रांगेतला एक दांडगा माणूस सुहासच्या चष्म्याकडे बघत राहिला.

नवा डाव, पंचवीस बशा. पहिली गेली. दुसरी गेली. मिस्टर लिम मात्र हसले. "नॉट लेफ्ट! बिहाइंड ओन्ली. फास्टर, लाह." तिसऱ्या बशीला सुहास ओरडला आणि आकाशात भगवा धूर झाला. मला वाटलं चुकून झाला. चौथीचाही झाला. पुढे मी मोजायचं सोडलं. ईरा मोजत होती.

"सिक्स्टीन!"

सुहासने बंदूक मधून उघडून रिकामी केली, रॅकवर ठेवली आणि माझ्याजवळ येऊन उभा राहिला. टिकली लावलेला चष्मा त्याने काढला नाही.

"फणसाच्या खोडावर छर्रे कुठल्या बाजूला होते गं?"

"डाव्या."

"तिन्ही?"

"तिन्ही. अण्णा चुकले, सुहास. मीही चुकले. रोज ती भोकं बघत होते."

तो माझा हात धरून बाकावर बसला आणि आम्ही दोघं इतरांच्या बशा फुटताना बघत राहिलो. मग मिस्टर लिमनी मला विचारलं, एक बार काढून बघता का? माझ्या आधी ईराच "येस!" म्हणाली. पण मी नको म्हटलं. त्या दिवशी माझं पोट भरलं होतं.

चिपळूण

येऊन महिना झाला. परवा सुहासचा मेसेज आला. सोबत चष्म्याचा फोटो, डावी काच मोकळी. "टिकली घामाने निघाली. परवाना नवा झाला. काल एकोणीस. मेघना म्हणते टिकल्या इथेही मिळतात, पण मला तिथल्याच पाठव. नंबर कुठला होता?"

मी बाजारपेठेत गेले. अण्णांच्या जागेतल्या त्या दुकानात मी इतकी वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. गल्ला होता तिथेच आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिले. पलीकडच्या मुलीने टिकल्यांचा डबा पुढे केला.

"कितवा नंबर देऊ, काकू?"

"तीन," मी म्हटलं. "मरून. दहा पाकिटं दे. भावाला हवीत."